एक्सएमएलशिवाय स्क्रीन: अँड्रॉइडचा फॉर्म कोडमधून बांधताना

गिरगावातल्या चाळींच्या पुनर्विकासाआधी घरोघर माहिती भरून घेणारं एक अ‍ॅप माझ्याकडे आहे. खोली किती फुटांची, भाडेपावती कोणाच्या नावावर, पोटमाळा आहे का, संडास खोलीत की गॅलरीच्या टोकाला. प्रश्न साधे, पण एक चाळ दुसरीसारखी नसते, आणि दर सोमवारी वकिलांकडून एखादा नवा प्रश्न येतोच. सुरुवातीला मी सगळे प्रश्न एक्सएमएलच्या (स्क्रीनची मांडणी लिहून ठेवायच्या खुणांच्या भाषेच्या) एकाच फाइलीत मांडले आणि नको असतील ते लपवत राहिले. फाइल एवढी वाढली की तिला हात लावायला कोणी तयार होईना. शेवटी प्रश्नांची यादी सर्व्हरवरून जेसनमध्ये (माहिती पाठवायच्या साध्या मजकुरात) घ्यायची आणि खोकी, बटणं कोटलिनमधूनच, म्हणजे अ‍ॅपच्या कोडच्या भाषेतूनच, उभी करायची असं ठरलं. ते करताना जिथे जिथे ठेच लागली ते इथे क्रमाने लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच डोक्यात असू द्या. एक्सएमएल वाचणारा इन्फ्लेटर पडद्यामागे बरीच कामं मुकाट्याने उरकत असतो. डीपीचे (स्क्रीनच्या घनतेवर न अवलंबणाऱ्या मापाचे) पिक्सेल करतो, शैली लावतो, आयडी जोडतो, साध्या बटणाच्या जागी नव्या धाटणीचं बटण बसवतो. तुम्ही कोडमध्ये आलात की ही सगळी कामं तुमच्या गळ्यात. खालचे बहुतेक सापळे त्यातूनच निघाले आहेत.

आणि हो, प्रत्येक स्क्रीन असा बांधू नका. लॉगिन, सेटिंग्ज, "आमच्याविषयी" हे सगळं एक्सएमएलमध्येच राहू द्या, प्रिव्ह्यू फुकट दिसतो. नवंकोरं अ‍ॅप असेल तर सरळ जेटपॅक कंपोझ, म्हणजे अँड्रॉइडची स्क्रीन बांधायची नवी पद्धत, घ्या. जुलै २०२१ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली, आणि तिथेही स्क्रीन कोडमध्येच लिहितात. हा लेख जुन्या व्ह्यू पद्धतीचं (व्ह्यू म्हणजे स्क्रीनवरचा एकेक घटक) अ‍ॅप सांभाळणाऱ्यांसाठी आहे, ज्यांच्या फॉर्मचा आकार माहिती आल्याशिवाय कळतच नाही.

हाताशी काय हवं

- अँड्रॉइड स्टुडिओ, कोटलिनची जुजबी ओळख, आणि "अप्लाय" हे फंक्शन वापरायची सवय
- अ‍ॅपकॉम्पॅट आणि कोअर-केटीएक्स (पुढे नुसतं केटीएक्स) या लायब्रऱ्या प्रोजेक्टमध्ये
- निदान दोन खरे फोन, एक स्वस्तातला. एम्युलेटरवर सगळं गोडच दिसतं
- कागद आणि पेन्सिल

कोडमधली नावं मी देवनागरीत लिहिते आहे. दोन-तीन अक्षरं टाइप केली की स्टुडिओ पूर्ण नाव सुचवतो, तेव्हा अडणार नाही.

१. आधी कागदावर झाड काढा

कोणाच्या पोटात कोण, हे कागदावर काढा. आमच्या फॉर्मचं झाड असं: सर्वांत बाहेर स्क्रोलव्ह्यू, त्याच्या आत उभा लिनिअरलेआउट, त्यात प्रत्येक प्रश्नाचा एक छोटा उभा लिनिअरलेआउट, आणि त्यात प्रश्नाचं टेक्स्टव्ह्यू व उत्तराचं खोकं. स्क्रोलव्ह्यूला थेट मूल एकच चालतं. दुसरं घातलंत की अ‍ॅप तिथेच कोसळतं. म्हणून मधला लिनिअरलेआउट हवाच.

२. कॉन्टेक्स्ट कोणता द्यायचा

कोडमधून कुठलाही व्ह्यू तयार करताना त्याला कॉन्टेक्स्ट, म्हणजे तो कुठे आणि कुठल्या थीममध्ये राहणार ही पार्श्वभूमी, द्यावा लागतो. अ‍ॅक्टिव्हिटीचाच (म्हणजे त्या स्क्रीनचाच) द्या. अ‍ॅप्लिकेशनचा दिलात तरी एरर येत नाही, पण त्याला अ‍ॅक्टिव्हिटीची थीम माहीत नसते. रंग भलतेच येतात, डार्क मोडमध्ये काळ्यावर काळी अक्षरं उमटतात, आणि तुम्ही दिवसभर रंगांच्या फाइली चाळत बसता. फ्रॅगमेंटमध्ये (अ‍ॅक्टिव्हिटीच्या आतल्या स्क्रीनच्या तुकड्यात) असाल तर "रिक्वायर कॉन्टेक्स्ट".

३. मूळ डबा बसवा

"सेट कंटेंट व्ह्यू" या फंक्शनला लेआउटचा क्रमांक देतात तसा तयार व्ह्यूही देता येतो. स्क्रोलव्ह्यू बांधा, त्यात लिनिअरलेआउट घाला, तो या फंक्शनला द्या. झालं.

फक्त लिनिअरलेआउट मुळात आडवा असतो. ओरिएंटेशन उभं करायला विसरलात तर पहिला प्रश्न सगळी रुंदी खातो आणि बाकीचे उजवीकडे स्क्रीनबाहेर जातात. "एकच प्रश्न दिसतोय" अशी तक्रार आली की मी आधी ही ओळ बघते.

अ‍ॅपचं टार्गेट एसडीके ३५ असेल तर अँड्रॉइड १५ वर तुमचा स्क्रीन स्टेटस बारच्या मागूनच सुरू होतो. मग पहिला प्रश्न घड्याळ आणि बॅटरीच्या मागे दडतो. विंडो इनसेट्स (सिस्टमच्या पट्ट्यांनी अडवलेली जागा) ऐकून मूळ डब्याला तेवढं पॅडिंग द्या.

४. लेआउटपॅराम्स: जागा आईबाप ठरवतात

इथे नवखे सर्वांत जास्त गोंधळतात, म्हणून जरा थांबू.

व्ह्यूची रुंदी, उंची, मार्जिन हे त्या व्ह्यूचे गुण नव्हेत. त्याने आपल्या पालकाकडे केलेली ती मागणी असते. लोकलमधल्या बाकाचंच बघा. तुम्ही कितीही रुंद असा, बसायला किती मिळेल ते बाक आणि आधी बसलेले तिघे ठरवतात. ही मागणी ज्यात लिहितात ते लेआउटपॅराम्स, आणि म्हणूनच त्यांचा प्रकार पालकाचा असतो. लिनिअरलेआउटच्या मुलाला लिनिअरलेआउटचे पॅराम्स, फ्रेमलेआउटच्या मुलाला फ्रेमलेआउटचे. "वेट" ही सोय लिनिअरलेआउटच्या पॅराम्समध्येच सापडते. आडव्या ओळीत दोन खोक्यांची रुंदी ० आणि वेट १ ठेवलं की दोघं अर्धी-अर्धी जागा घेतात. जरा सरकून घ्या, म्हणतात ना, तसं.

पॅराम्स दिलेच नाहीत तर पालक आपल्या मनाने देतो, आणि प्रत्येक पालकाचं मन वेगळं. उभा लिनिअरलेआउट मुलाला पूर्ण रुंदी आणि मजकुराएवढी उंची देतो. आडवा दोन्ही मजकुराएवढं देतो. फ्रेमलेआउट दोन्हीकडे पूर्ण देतो. नशिबावर सोडू नका, प्रत्येक वेळी स्वतः लिहा.

इथले सापळे, माझ्याकडून झालेल्या चुकांच्या क्रमाने:

एकदा जोडलेल्या व्ह्यूला नंतर चुकीच्या प्रकारचे पॅराम्स लावले तर मोजमापाच्या वेळी क्लासकास्ट एक्सेप्शन येतं. ते येतं तेव्हा स्टॅकमध्ये तुमच्या कोडची एकही ओळ दिसत नाही, सगळी अँड्रॉइडचीच. म्हणून शोधायला वेळ लागतो.

एकच पॅराम्स ऑब्जेक्ट दोन मुलांना देऊ नका. ओळी वाचतात खऱ्या, पण पुढे एकाचं मार्जिन बदललंत की पुढच्या मोजमापाला दुसऱ्याचंही बदलतं.

जोडून झालेल्या व्ह्यूचं मार्जिन बदलायचं तर केटीएक्समधलं "अपडेट लेआउट पॅराम्स" वापरा. नुसती किंमत बदलून गप्प राहिलात तर स्क्रीनही गप्प राहतो.

ग्रॅव्हिटी दोन आहेत. व्ह्यूची स्वतःची ग्रॅव्हिटी आतला मजकूर सरकवते, पॅराम्समधली ग्रॅव्हिटी अख्खा व्ह्यू पालकाच्या आत सरकवते. एक्सएमएलमध्ये त्यांची नावं वेगळी होती. कोडमध्ये दोन्ही "ग्रॅव्हिटी"च, तेव्हा कुठल्या कंसात लिहिताय ते पाहा.

५. सगळं पिक्सेलमध्ये, फक्त अक्षरं सोडून

एक्सएमएलमध्ये "१६ डीपी" लिहायची सवय असते. कोडमध्ये सेट पॅडिंगला १६ दिलात तर ते १६ पिक्सेल. हिशेब असा: घनता म्हणजे डीपीआय भागिले १६०. ४८० डीपीआयच्या फोनवर घनता ३, तेव्हा १६ डीपीचे ४८ पिक्सेल व्हायला हवेत. तुम्ही नुसतं १६ दिलंत तर मिळतात जेमतेम ५ डीपी. डीपीचे पिक्सेल करणारं छोटं फंक्शन पहिल्याच दिवशी लिहून ठेवा, किंवा मापं डायमेन्सच्या फाइलीत ठेवून तिथून घ्या. दुसरा मार्ग बरा, कारण टॅब्लेटसाठी वेगळी मापं नंतर देता येतात.

आता गंमत. टेक्स्टव्ह्यूच्या "सेट टेक्स्ट साइझ"ला नुसता आकडा दिला तर तो एसपी (फोनमधल्या अक्षर-आकाराप्रमाणे बदलणारं माप) धरला जातो. तिथेही घनतेने गुणलंत की ४८ एसपीची अक्षरं. आमच्या पहिल्या चाचणीत "भाडेकरूचे नाव" या दोन शब्दांनी अर्धा स्क्रीन व्यापला होता. आणि तेच माप परत वाचायला गेलात तर उत्तर पिक्सेलमध्ये येतं! म्हणजे एका व्ह्यूचं वाचलेलं माप सरळ दुसऱ्याला दिलं की अक्षरं फुगतात. द्यायचंच असेल तर एकक स्पष्ट सांगणारं, दोन आकडे घेणारं रूप वापरा.

मजकुराच्या व्ह्यूची उंची कधीही ठरावीक ठेवू नका. इंग्रजी अक्षरांवर बेतलेल्या उंचीत आपला रफार वरून आणि उकार खालून कापला जातो. "वर्ष"चं "वष" झालेलं सर्वेक्षकाने मला फोटो काढून पाठवलं होतं.

६. रूप: थीम आणि शैली

एक्सएमएलमध्ये "बटण" लिहिलं की अ‍ॅपकॉम्पॅट अ‍ॅक्टिव्हिटीचा इन्फ्लेटर गुपचूप अ‍ॅपकॉम्पॅटचं, किंवा मटेरियल थीम असेल तर मटेरियलचं बटण बनवतो. कोडमध्ये साधं बटण लिहिलंत तर साधंच मिळतं. मग एकाच अ‍ॅपमधल्या दोन स्क्रीनवर दोन धाटणीची बटणं दिसतात. म्हणून नाव पूर्ण घ्या: मटेरियल बटण, अ‍ॅपकॉम्पॅट एडिटटेक्स्ट, अ‍ॅपकॉम्पॅट टेक्स्टव्ह्यू.

शैली लावणारं "सेट स्टाइल" असं फंक्शन नाही, शोधू नका. कन्स्ट्रक्टरचा तिसरा आकडा थीममधल्या अ‍ॅट्रिब्यूटचा असतो, शैलीचा नाही. तिथे शैलीचा क्रमांक दिला तर कंपायलर चूक दाखवत नाही आणि स्क्रीनवर काहीच लागत नाही. सोपा उपाय म्हणजे अ‍ॅक्टिव्हिटीच्या कॉन्टेक्स्टला कॉन्टेक्स्ट थीम रॅपरमध्ये गुंडाळून व्ह्यू बनवायचा. नुसती अक्षरं बदलायची असतील तर टेक्स्ट अ‍ॅपिअरन्स पुरतं.

रंगाचंही तसंच. बॅकग्राउंडला रंगाचा रिसोर्स क्रमांक थेट दिला तर अँड्रॉइड त्या क्रमांकालाच रंग समजतो आणि भलताच रंग येतो. आधी कॉन्टेक्स्ट कॉम्पॅटकडून खरा रंग मागून घ्या.

७. एक प्रश्न, एक फंक्शन

प्रश्नाचा प्रकार पाहून व्ह्यू परत देणारं एकेक फंक्शन लिहा: मजकूर, आकडा, हो-नाही, अनेकांतून एक. मुख्य कोडमध्ये फक्त यादीवर फिरायचं आणि मिळालेला व्ह्यू मूळ डब्यात जोडायचा. "अप्लाय"च्या कंसात गुण लिहिले की कोडही झाडासारखाच आत-आत सरकलेला दिसतो, वाचणाऱ्याला बरं पडतं.

आकड्याच्या खोक्याला इनपुट टाइप देताना वर्ग आणि झेंडा दोन्ही "ऑर"ने जोडून द्या. नुसता दशांशाचा झेंडा दिला तर आकड्यांचा कीबोर्ड उघडत नाही.

"सेट टेक्स्ट"ला पूर्णांक देऊ नका. खोली क्रमांक १४ दाखवायला मी १४ दिला आणि अ‍ॅप "स्ट्रिंग रिसोर्स आयडी शून्य-एक्स-ई" असं काहीतरी बरळून कोसळलं. अँड्रॉइडने तो स्ट्रिंगचा क्रमांक समजून शोधला. आधी स्ट्रिंग करा.

रेडिओ बटणांचा सापळा मला सर्वांत महाग पडला. आधीचं उत्तर दाखवायला मी बटण "चेक्ड" करून मग रेडिओग्रुपमध्ये जोडत होते. आयडी नसलेल्या बटणाला ग्रुप जोडताना आयडी देतो खरा, पण कोण निवडलंय याची नोंद त्याच्या आधी घेतो. मग वापरणाऱ्याने दुसरं बटण दाबलं की दोन्ही निवडलेली! पागडीची आणि मालकीची खोली एकाच वेळी. क्रम उलटा ठेवा: सगळी बटणं आधी जोडा, मग ग्रुपलाच सांगा कोणतं निवडायचं.

जाता जाता आपल्या अंकांविषयी. फोनची भाषा मराठी असेल तर स्ट्रिंग फॉरमॅट करताना आकडे देवनागरीत छापले जातात. ते पूर्णांक म्हणून परत वाचता येतात, पण "टू डबल" करायला गेलात तर नंबर फॉरमॅट एक्सेप्शन. क्षेत्रफळ दशांशात असल्याने आम्हाला हे बरोबर दादरच्या एका सर्वेक्षकाच्या फोनवर सापडलं, कारण मराठी लावलेला फोन चमूत त्याच्या एकट्याचाच होता. साठवायच्या आणि पाठवायच्या आकड्यांना लोकॅल (भाषा-प्रदेशाची खूण) स्पष्ट द्या, दाखवायच्या आकड्यांना फोनची भाषा राहू द्या.

८. आयडी आणि उत्तरांची जपणूक

फोन आडवा केला की अ‍ॅक्टिव्हिटी मरते आणि नवी जन्मते. एडिटटेक्स्ट आपला मजकूर स्वतः जपतो, पण आयडी असेल तरच. कोडमध्ये आयडी तुम्ही दिला नाही तर नसतोच, आणि भरलेला फॉर्म क्षणात कोरा.

यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे "जनरेट व्ह्यू आयडी". तो पुरत नाही. फोन फिरवल्यावर तेच फंक्शन पुढचा नवा क्रमांक देतं, जुन्या क्रमांकाखाली ठेवलेलं उत्तर तसंच पडून राहतं. सगळ्या खोक्यांना एकच आयडी दिला तर त्याहून वाईट. शेवटच्या खोक्यातला मजकूर सगळ्यांत उमटतो. ठरावीक चार खोकी असतील तर आयडींची रिसोर्स फाइल करून तिथले कायमचे क्रमांक वापरा, ते चालतं.

आमच्यासारखी यादी सर्व्हरवरून येत असेल तर तेही चालत नाही. जपलेली स्थिती "ऑन स्टार्ट"नंतर लगेच परत वाटली जाते. तोवर प्रश्न आलेलेच नसतील तर घेणारं कोणी नाही. म्हणून उत्तरं व्ह्यूमध्ये ठेवायचीच नाहीत. व्ह्यूमॉडेलमध्ये (स्क्रीनची माहिती स्क्रीनबाहेर सांभाळणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये) प्रश्नाचा कोड आणि उत्तर अशी जोडी ठेवा. खोक्यात अक्षर बदललं की जोडी बदला, आणि खोकं बांधताना जोडीतूनच भरा. व्ह्यूला स्वतःची स्थिती जपायला मनाई करा, "सेव्ह एनेबल्ड" बंद, म्हणजे दोन मालक राहत नाहीत.

व्ह्यूमॉडेल फोन फिरवणं सोसतं, पण सिस्टमने अख्खी प्रोसेस मारली तर तेही जातं. आणि ती मारली जाते! भाडेपावतीचा फोटो काढायला कॅमेरा उघडला की कमी रॅमच्या फोनवर मागचं अ‍ॅप हमखास बळी जातं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना पहिल्यापासून सगळे प्रश्न पुन्हा विचारायची वेळ आमच्या एका मुलीवर आली. आजींनी चहा दिला, मला मात्र संध्याकाळी बोलणी बसली. सेव्हड स्टेट हँडल (प्रोसेस मेली तरी टिकणारी छोटी साठवण) वापरा, आणि फॉर्म लांब असेल तर दर उत्तराला फोनमधल्या डेटाबेसमध्ये टाका.

९. ओळी वाढवणं, काढणं

"कुटुंबातील व्यक्ती जोडा" या बटणामागे एक नवी ओळ बांधून "अ‍ॅड व्ह्यू" करायची, एवढंच काम. ज्या व्ह्यूला आधीच पालक आहे तो दुसरीकडे जोडता येत नाही. आधी जुन्या पालकाकडून "रिमूव्ह व्ह्यू" करा. सर्व्हरचं उत्तर मागच्या थ्रेडवर आलं असेल तर तिथून व्ह्यूला हात लावू नका, मुख्य थ्रेडवर या. दहा-वीस ओळींपर्यंत हे ठीक. शेकड्यात जाणार असतील तर दिसणाऱ्या ओळीच पुन्हा पुन्हा वापरणारा रिसायकलरव्ह्यूच हवा.

बांधल्या बांधल्या रुंदी विचारलीत तर शून्य मिळेल, कारण मोजमाप अजून झालेलंच नसतं. "डू ऑन लेआउट"मध्ये विचारा.

१०. बाहेर देण्याआधी

कोडमधल्या स्क्रीनचा प्रिव्ह्यू दिसत नाही, म्हणून लेआउट इन्स्पेक्टर उघडून चालू अ‍ॅपचं झाड पहिल्या पायरीच्या कागदाशी ताडून पाहा.

डेव्हलपर ऑप्शन्समध्ये "अ‍ॅक्टिव्हिटी ठेवू नका" चालू करा, अर्धा फॉर्म भरा, कॅमेऱ्यात जाऊन परत या. व्ह्यूमध्ये चुकून राहिलेली उत्तरं यात सापडतात. प्रोसेस मेल्यावर काय होतं ते मात्र यात दिसेलच असं नाही. त्यासाठी अ‍ॅप मागे टाकून त्याची प्रोसेस मारा आणि अलीकडच्या अ‍ॅप्सच्या यादीतून परत उघडा.

फॉन्ट सर्वांत मोठा करा. अँड्रॉइड १४ पासून तो २०० टक्क्यांपर्यंत जातो. डार्क मोड लावा. दाबायची जागा निदान ४८ डीपी उंच आहे ना ते बघा.

टॉकबॅक (स्क्रीन वाचून दाखवणारी सोय) चालू करून डोळे मिटून एक फॉर्म भरा. प्रश्नाचं टेक्स्टव्ह्यू आणि खोकं वेगवेगळे असल्याने टॉकबॅक नुसतं "एडिट बॉक्स" म्हणत राहतो. प्रश्नाच्या "लेबल फॉर"मध्ये खोक्याचा आयडी दिला की प्रश्नही वाचतो. यासाठी मात्र "जनरेट व्ह्यू आयडी" पुरेसा आहे, कारण ही जोडी स्क्रीन असेपर्यंतच टिकायची असते.